झोपाळू गहू

११ ऑगस्ट

बाबा,

फोन केला की तुम्ही तो वहिनीच्या हातात देता. ती बिचारी तुमची तब्येत, तिकडची हवा, दादाचा खोकला असं सगळं एका दमात सांगून टाकते आणि मग आम्ही दोघी नुसत्या श्वास घेत बसतो. मागून तुमच्या खुर्चीची करकर ऐकू येते. म्हणून आता लिहायला बसले. पत्र काही तुम्ही तिच्याकडून वाचून घेणार नाही.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या खोलीची खिडकी मी सकाळी उघडते आणि संध्याकाळी लावते. मधल्या वेळात तिच्यातून काय काय येऊन जातं कोण जाणे. परवा तुमच्या उशीवर एक पांढरं पीस होतं, ओळखीच्या कुठल्याच पाखराचं नव्हतं. मी ते तसंच राहू दिलं.

गहूही ठीक आहे. मार्चमध्ये कापणीला आला आणि अवकाळी पाऊस लागला तो थांबेचना. शेजारच्या वाफ्यांतल्या जातींना उभ्या ओंब्यांतच मोड फुटले, हिरवे केस यावेत तसे. तुम्ही काढलेला झोपाळू भिजून काळवंडला, पण एक दाणा जागचा हलला नाही. मी छत्री घेऊन बांधावर उभी होते. सगळा वर्ग दंगा करतोय आणि एकच मूल बाकावर डोकं टेकून गाढ झोपलंय, असं वाटत होतं. या गव्हाला ते नाव कुणावरून पडलं हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

ऑफिस म्हटलं की तुमच्या कपाळावर आठी पडते, ती मला इथून दिसते. पण ते आहे आणि मी तिथे जाते. तुमच्या बियाणं संशोधन संस्थेचा खर्च भागेना, म्हणून संस्थेनेच बियाणं विकायला आपली एक कंपनी काढली. संशोधन जुन्या इमारतीत, विक्री नव्या इमारतीत आणि दोन्हींच्या मधे काचेचं दार. मी आता त्या दाराच्या पलीकडे बसते. अलीकडे की पलीकडे, हे कुठे उभं राहून बघतो त्यावर आहे, असं मला अजूनही वाटतं. तुम्ही दादाकडे निघालात त्या सकाळी म्हणालात, "मी गहू वाटला. तू विक." त्याला उत्तर म्हणून मी कितीतरी वाक्यं जुळवली. एकही पाठवण्यासारखं झालं नाही.

लहानपणी चहा ओतता ओतता तुम्ही विचारायचात, आज स्वप्नात काय पाहिलंस? तर सांगते. आपण दोघं गव्हातून चाललो होतो. गहू माझ्या डोक्याच्या वर होता, म्हणजे मी लहान असणार, पण पायात ऑफिसच्या चपला होत्या. मला फक्त तुमच्या शर्टाची पाठ दिसत होती. मी हाक मारली तर तुम्ही मागे न बघता म्हणालात, "हळू. उठतील." मग आपण तसेच चालत राहिलो.

खोकल्यासाठी दादाला वाफ घ्यायला सांगा.


२५ ऑगस्ट

बाबा,

वहिनी म्हणाली, पत्र पोचलं. पुढचं मी विचारलं नाही.

पिशव्या छापून आल्या. गुळगुळीत, जाड, वर उगवता सूर्य. आणि नाव बदललंय. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण तुम्हाला फोनवर सांगायचं म्हणजे वहिनीला सांगायचं. नवं नाव 'पहाट'. आमचे व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, झोपाळू नावाचं बियाणं कोण विकत घेईल? उद्या आपण आळशी नावाचा ट्रॅक्टर काढू." सगळे हसले. मीसुद्धा हसले.

त्यांना सगळे घाईसाहेब म्हणतात. त्यांनाही ते माहीत आहे. लिफ्ट यायच्या आत जिन्याने वर पोचतात आणि वर लिफ्टची वाट बघत उभे असतात, कारण बॅग लिफ्टमधल्या शिपायाकडे असते. तुम्हाला हा माणूस आवडणार नाही असं आधी वाटायचं. आता खात्री नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "हा गहू झोपतो म्हणजे नक्की काय करतो?" मी म्हटलं, "दाणा पिकला तरी लगेच रुजत नाही. पावसात उभा राहिला तरी मोड काढत नाही. मागून जागा होतो." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझं धाकटं पोर असंच आहे. बोलायलाच लागत नव्हतं." मग एकदम घड्याळ बघून निघून गेले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विक्री सुरू. बाकीच्या कंपन्यांच्या आधी, शेतकऱ्याच्या हातात आमची पिशवी सगळ्यांत आधी पडली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. ऊन अजून कडक आहे. माती दुपारी पायाला चटका देते.

प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासणाऱ्या आपल्या उगवणबाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. त्यांच्या कपाटात अजून तुमचा चष्म्याचा डबा आहे, त्यात त्या टाचण्या ठेवतात. त्यांच्या चाचणीत बियाणं फारच छान उगवलं. शंभरात जवळपास सगळे. तोच आकडा पिशवीवर छापलाय. फारच छान उगवलं, बाबा.

एक विचारायचं होतं. राहू दे, पुढच्या वेळी.


३ सप्टेंबर

बाबा,

मागच्या पत्रात जे राहू दिलं ते आता लिहिते.

आकडा छान आला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. काहीतरी कमी वाटत होतं. घरातून निघताना कुलूप लावल्यावर वाटतं तसं. मी गोदामातून मूठभर गहू घरी आणला, ताटलीत ओलं फडकं पसरलं आणि त्यावर दाणे मांडून ताटली ओट्यावर ठेवली. तुम्ही असायचात तेव्हा ओट्यावर नेहमी अशी एखादी ताटली असायची आणि आई म्हणायची, "एक दिवस मी हेच वाढीन." रोज सकाळी चहाचं पाणी ठेवताना मी दाण्यांकडे बघायची. पाणी पिऊन ते टम्म झाले होते. तेवढंच. स्वयंपाकघरात गरम व्हायचं, मी खिडकी उघडायची, आणि ते सगळे शांत पडलेले. मला त्यांचा हेवा वाटला हे खरं सांगते. एका सकाळी मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ इतका वेळ बसले की चहाचं पाणी आटून भांडं करपलं.

मग ताटली तशीच घेऊन उगवणबाईंकडे गेले.

"अगं, हे काय आणलंस?"

"आपलाच गहू. उगवत नाही."

"थंडीला ठेवलास?"

"कसल्या थंडीला?"

"फ्रिजमध्ये गं. ओला करून आधी थंडीला ठेवायचा, मग उबेला. तुझ्या बाबांनीच तर लावून दिलंय. त्यांना पुढची पिढी पटकन हवी असायची, थांबवत नसे. तेव्हापासून या गव्हाचा प्रत्येक नमुना आधी थंडीला जातो."

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलंत? नव्या इमारतीत?"

"हे काय सांगायचं? चहात पाणी घालतो हे सांगतात का कुणी?"

बाबा, मी तुमची मुलगी, त्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य घालवलं, आणि तो फ्रिज मला दिसलाच नव्हता. तो तिथे कायम घुरघुरत उभा असायचा. चाचणीत आम्ही बियाण्याला उठवत होतो आणि मग जागं आहे म्हणून पिशवीवर छापत होतो.

दुपारी घाईसाहेबांच्या टेबलावर ताटली ठेवली आणि सगळं सांगितलं. आता पेरलं तर तापल्या मातीत बियाणं पडून राहील, अर्धं पाखरं खातील, उरलेलं कुजेल.

"पण चाचणी चुकीची नाही ना?" ते म्हणाले. "थंडी देऊन तपासायला नियमाने परवानगी आहे."

"आहे."

"म्हणजे कायद्याने आपण बरोबर आहोत."

"कायद्याने आहोत. शेतात फ्रिज नसतो, साहेब."

एक दाणा उचलून त्यांनी तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताने झाकला आणि तसेच बसले. मग फोन उचलून विक्री थांबवली. पलीकडून कुणीतरी खूप बोलत होतं, ते नुसते "हो, हो, माझी जबाबदारी" म्हणत राहिले.

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "मॅडम, आता पुढचं ऐका. संचालक मंडळ विचारेल की हा गहू कधी पेरायचा. आपण म्हणू, थंडी पडल्यावर. थंडी कधी पडते? ती तर दरवर्षी वेगळी. असं बियाणं दुकानात ठेवून कसं विकायचं? पोत्याला तोंड असतं, जीभ नसते."

ऑक्टोबर संपेपर्यंत मार्ग निघाला नाही तर सगळी पोती पशुखाद्याच्या गिरणीला जातील. आणि एकदा कंपनीने हात झटकले की दरवर्षी तो जपून वाढवायला संस्थेकडे माणूस नाही, जमीन नाही. म्हणजे तो संपेल. हे तुम्हाला कसं लिहायचं या विचारात मी दोन दिवस पेन नुसतं धरून बसले होते.


१६ सप्टेंबर

बाबा,

काल पुन्हा पाहिलं. गोदामात पोती ओळीने निजली होती, प्रत्येकाच्या अंगावर सूर्याचं चित्र, आणि सगळी एका लयीत श्वास घेत होती. दाराशी गिरणीचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, यांना उठवू का तशीच उचलू?" मी म्हटलं, "तशीच उचला, पण डोक्याखाली हात घाला." जागी झाले तर उशी ओली होती.

सूचना छापायचा प्रयत्न झाला. पिशवीच्या पाठीवर, ठळक अक्षरांत. घाईसाहेबांनी ओळखीच्या काही शेतकऱ्यांना पिशव्या दाखवल्या आणि मागे काय लिहिलंय विचारलं. सगळ्यांना सूर्य आठवत होता. "त्यांना काय बोलू?" ते मला म्हणाले. "नवा मिक्सर आणला तेव्हा माहितीपुस्तिका मी खोक्याबरोबर टाकून दिली, आणि बायको अजून विचारते की तिसरं बटण कशाचं."

तेव्हा मला तुम्ही आठवलात. म्हणजे तुमचा व्हरांडा. कुणीही रिकामी पिशवी घेऊन यायचं आणि तुम्ही त्याला बाकावर बसवून बी द्यायच्या आधी बोलत बसायचात. जमीन कशी आहे, पाणी कुठलं, पहाटे दव पडतं का. मग तेच तेच, शब्दाला शब्द. मी आतल्या खोलीत अभ्यास करत असायची आणि कानात बोटं घालायची. मला वाटायचं बाबांना गप्पांची हौस आहे. तुम्ही बी देत होतात आणि त्याची झोप समजावून सांगत होतात, हे दोन्ही मिळून एकच देणं होतं. आम्ही त्यातलं अर्धं पिशवीत भरलं.

मी हे घाईसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांना बोलवा."

मी म्हटलं, "ते माझ्याशी बोलत नाहीत."

"तुमच्याशी कुठे बोलायचंय? गिऱ्हाइकांशी बोलायचंय."

त्यांनी मंडळाकडून एवढं मिळवलंय: जाहिरात नाही, दुकानांत माल नाही, फक्त नव्या इमारतीतला एक काउंटर, थंडी पडेपर्यंत. प्रत्येक माणसाला पोतं बोलून द्यायचं. आधी मीच काउंटरवर उभी राहून बघितलं. पाच मिनिटांत माझं सगळं सांगून झालं आणि समोरचा म्हणाला, "ते ठीक आहे मॅडम, पण उद्याच पेरलं तर?" माझ्या तोंडून ती गोष्ट सूचना वाटते.

तर विचारते. याल का? गव्हासाठी. मी त्या वेळात जुन्या इमारतीत बसेन, समोर येणार नाही. वहिनीने परवा हळूच सांगितलं की माझी पत्रं खिडकीच्या फळीवर उघडी असतात आणि त्यांच्यावर तुमचा चष्मा असतो. तेवढ्यावर एवढं मोठं मागते आहे.


९ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र टपालात टाकायची गरज नाही. संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत तुम्ही उतरला आहात, दाराखालून सरकवेन.

तुम्ही आलात त्या सकाळी फाटकावरून फोन आला, "एक आजोबा आलेत. काचेचं दार ढकलतायत. ते ओढायचं असतं सांगितलं, तर मलाच ओरडले." मी जिन्यात थांबले. वरून तुमचं टक्कल आणि वहिनीने विणलेला मफलर दिसला. अजून मफलरची हवा नाही, तरी तुम्ही गुंडाळून आलात.

तुम्ही घरी आला नाहीत, त्याबद्दल काही म्हणत नाही. अंथरूण घातलेलं आहे. शब्द दिला होता म्हणून मी समोर आले नाही. पण काचेचं दार काचेचंच आहे. उगवणबाईंनी तुम्हाला खुर्ची दिली, तुम्ही ती काउंटरच्या आतून उचलून बाहेर आणलीत आणि समोर दुसरी मांडलीत. घाईसाहेब धावत आले. त्यांचे हात हलत होते, तुमचे नाही. मग ते तुमच्यासमोरच्या खुर्चीत बसले, आणि मी बघत होते, खूप वेळ बसून राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "मला चार वेळा विचारलं की तुमच्या घरी पहाटे नळाचं पाणी कसं असतं. आता मलाच जाणून घ्यायचंय." दुसऱ्या दिवशी ते उशिरा आले आणि म्हणाले, "कोमट."

माणसं येऊ लागली आहेत. पहिल्या दिवशी तुरळक, आता जिन्यापर्यंत. एकेकाला तुम्ही इतका वेळ घेता की रांगेतले डुलक्या काढतात. एक बाई भिंतीला टेकून खरंच झोपली होती आणि तिचा नंबर आल्यावर मागच्याने तिला हलवलं नाही, तोही पुढे न जाता थांबला. घाईसाहेब मधूनमधून दारातून बघतात, तोंड उघडतात आणि मिटतात. पोती कमी होतायत. महिनाअखेरपर्यंत पुरेशी कमी होतील की नाही ते सांगता येत नाही.

रोज तुम्हाला लोकांशी बोलताना बघते. मजा अशी की ऐकू काहीच येत नाही.


२८ ऑक्टोबर

बाबा,

तुम्ही तिथेच होतात, तरी लिहिते. माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुम्हाला ठाऊक नाही.

आज सकाळी धुकं होतं. जुनी इमारत, नवी इमारत, मधला रस्ता सगळं एकाच दुधात बुडालेलं. तोंड धुताना नळाचं पाणी बोटांना बोचलं आणि मी तशीच हात धरून उभी राहिले. मग स्वयंपाकघरातली एक पिशवी घेतली, ऑफिसात गेले आणि काउंटरच्या रांगेत उभी राहिले. शब्द मोडला. मला दुसरं काही सुचलं नाही.

रांगेत कुणी मला ओळखत नव्हतं. पुढच्या माणसाने विचारलं, "तुमचं किती रान?" मी म्हटलं, "गॅलरी." तो म्हणाला, "म्हातारा तरी अर्धा तास बोलणार बघा." आम्ही हळूहळू पुढे सरकत होतो आणि काच नसल्यामुळे पहिल्यांदा तुमचा आवाज येत होता. आधी नुसता सूर, मग एकेक शब्द. लहानपणी मी कानात बोटं घालायची तोच.

माझा नंबर आला. मी खुर्चीत बसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पिशवीकडे बघितलंत, आणि चष्मा पुसलात. मला वाटलं आता उठून जाल.

"जमीन कशी आहे?" तुम्ही विचारलंत.

"कुंड्या आहेत."

"ऊन?"

"सकाळचं."

"आणि पाणी?"

"आजपासून बोचायला लागलंय."

तुम्ही मान हलवलीत आणि सुरू केलंत. हा गहू झोपाळू आहे. घाई केलीत तर मातीत पडून राहील आणि तुम्ही त्याला मेलेला समजाल. तो मेलेला नसतो. पोतं सावलीत ठेवायचं, भिंतीला न टेकवता. पहाटेचं पाणी बोचलं की पेरायचा आणि पेरल्यावर उकरून बघायचं नाही. सगळे उकरून बघतात. एका शब्दाचा फरक नव्हता, बाबा. मी प्रत्येक ओळ तुमच्या आधी मनात म्हणत होते, तरी तुम्ही म्हटल्याशिवाय ती पुढे सरकत नव्हती. तुमच्या मागे गोदामाचं दार उघडं होतं. आत कोपऱ्यात थोडीच पोती उरली होती, बाकी नुसती रिकामी फरशी, आणि तिच्यावर धुक्यातून आलेला उजेड.

तुमचं सांगून संपलं. मी पिशवी पुढे केली नाही. उठलेही नाही.

मागचा माणूस खाकरला. "आजोबा, आवरा की. यांच्या तर नुसत्या कुंड्या आहेत."

तुम्ही त्याच्याकडे न बघता तुमची खुर्ची माझ्या जवळ ओढलीत.

"थांबा हो जरा," तुम्ही म्हणालात. "ही माझी मुलगी आहे. हिला दोनदा सांगावं लागतं."

आणि पहिल्यापासून सुरू केलंत.